अठ्ठेचाळीस रंगांची पेटी घेऊ, की आठ सुटे ट्यूब?

प्रश्न : माझं वय चौपन्न. राजापूर तालुक्यात राहते. आता हाताशी वेळ आहे, म्हणून जलरंगात निसर्गचित्रं करायला सुरुवात केली. मुलाच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या वेळचे पोस्टर कलर घरात होते, ते पाण्यात पातळ करून वापरले, पण चित्र खडूने रंगवल्यासारखं मातकट दिसतं. रत्नागिरीच्या दुकानदाराने बारा ट्यूबची विद्यार्थ्यांची पेटी दाखवली. तेवढ्याच पैशांत ऑनलाइन अठ्ठेचाळीस वड्यांची पेटी मिळते. मुलगी म्हणते, परदेशी कंपनीची छोटी पेटी घे. कागद आणि ब्रश धरून दोन हजारांच्या वर मला जायचं नाही. काय घेऊ? आणि आमच्याकडे पावसात सगळ्यालाच बुरशी येते, तर रंग टिकतील का?
— एक वाचक, राजापूर

उत्तर : नमस्कार. तिन्हींपैकी काहीच घेऊ नका. आर्टिस्ट दर्जाचे, म्हणजे विद्यार्थ्यांसाठी नव्हे तर चित्रकारांसाठी बनवलेले, सहा ते आठ सुटे ट्यूब घ्या आणि रंगांवर जेवढे पैसे जातील तेवढेच कागदासाठी बाजूला काढा. दोन हजारांची वाटणी साधारण अशी धरा : रंगांना साडेसातशे, कागदाला साडेसातशे, ब्रशांना साडेतीनशे आणि उरलेल्या दीडशेत मास्किंग टेप व किरकोळ सामान. रंगांचे पैसे कमी पडले तर दोन ट्यूब कमी घ्या, पण कागदाच्या पैशांना हात लावू नका. याचं कारण पुढे येईलच.

आधी पोस्टर कलरबद्दल, कारण तुमची मूळ तक्रार तिथेच आहे. त्यात तुमच्या हाताची काही चूक नाही. पोस्टर कलर अपारदर्शक असतो. रंगद्रव्याबरोबर त्यात पांढरी भर भरपूर असते, कारण संकल्पचित्रात सपाट, एकसारखा भरलेला रंग लागतो आणि त्या कामाला तो उत्तम आहे. त्यावर पडलेला उजेड वरच्या थरावरूनच परततो. पाणी घालून पातळ केला तरी ती पांढरी भर कुठे जात नाही, वाळल्यावर पिठासारखी कागदावर बसते. पारदर्शक जलरंगात उजेड रंगाच्या पातळ थरातून आत जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि रंग घेऊन बाहेर येतो. म्हणून जलरंगात उजेड दाखवायला बहुतेक वेळा पांढरा रंग लागत नाही, कागदच राखून ठेवायचा असतो. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) यांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते तैलरंगातलं असावं असं पाहणाऱ्या अनेकांना वाटतं, पण ते जलरंगातलं आहे. इतका उजेड या माध्यमात मावतो, आणि तो मिळवायचा तर रंग आधी पारदर्शक हवा.

आता पेटीच्या पोटात काय असतं ते पाहू. जलरंग म्हणजे बारीक वाटलेलं रंगद्रव्य, त्याला कागदाशी धरून ठेवणारा बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक, रंग ठणठणीत वाळू नये म्हणून थोडं ग्लिसरीन किंवा मध, आणि बुरशी रोखणारं औषध. सगळ्यात महाग भाग रंगद्रव्याचा. पेटी स्वस्त करायची तर ते कमी करून खडूसारखी भुकटी वाढवतात, नाहीतर उन्हात टिकणाऱ्या द्रव्याऐवजी उडून जाणारं स्वस्त द्रव्य घालतात. अठ्ठेचाळीस वड्यांच्या पेटीत सहसा दोन्ही झालेलं असतं. शिवाय त्यातले निम्मे रंग म्हणजे दुसऱ्या दोन रंगांत पांढरा मिसळून केलेले फिके गुलाबी, फिके जांभळे, पोपटी वगैरे असतात. ते तुम्ही स्वतः दोन मिनिटांत मिसळू शकता, आणि पांढऱ्याशिवाय मिसळलेत तर जास्त स्वच्छ येतात. चित्र चिखलट होण्याचं एक मोठं कारण इथेच आहे. वडीतला ‘हिरवा’ आधीच दोन-तीन द्रव्यांचा असतो. त्यात दोन द्रव्यांचा तपकिरी घातला की चार-पाच द्रव्यं एकत्र येतात आणि त्यांचा रंग ओल्या राखेसारखा दिसतो. प्रत्येकी एकाच द्रव्याचे दोन रंग मिसळले तर तिथे फक्त दोनच द्रव्यं असतात.

म्हणून दुकानात रंगाच्या नावापेक्षा त्याचा संकेतांक पाहा. चांगल्या कंपन्या तो ट्यूबवर छापतात किंवा आपल्या शेडकार्डवर, म्हणजे रंगांच्या नमुन्यांच्या तक्त्यावर, देतात. सुरुवातीचं ‘पी’ म्हणजे पिगमेंट, पुढचं अक्षर रंगाचं कूळ सांगतं (वाय म्हणजे पिवळा, आर लाल, बी निळा, व्ही जांभळा, बीआर तपकिरी, डब्ल्यू पांढरा) आणि शेवटचा आकडा ते द्रव्य नेमकं कोणतं ते सांगतो. एकच संकेतांक असेल तर रंग एका द्रव्याचा. तीन-चार असतील, किंवा त्यात पीडब्ल्यू ४, पीडब्ल्यू ६ असे पांढरे दिसले, तर ट्यूब परत ठेवा. आणि संकेतांक कुठेच दिला नसेल, तर आत काय आहे ते सांगायची कंपनीची तयारी नाही असं समजा. नावापुढे ‘ह्यू’ असेल तर घाबरू नका. ‘कॅडमियम यलो ह्यू’ म्हणजे महाग आणि विषारी कॅडमियमऐवजी दुसऱ्या द्रव्याने आणलेली तशीच छटा. ती पुष्कळदा चांगलीच असते. फक्त ‘कोबाल्ट ब्लू ह्यू’ घेताना बघून घ्या, त्यात अल्ट्रामरीन या निळ्यामध्ये पांढरा मिसळलेला असू शकतो.

आठ रंग असे घ्या. (थंड म्हणजे निळ्याकडे झुकणारी छटा, उष्ण म्हणजे नारिंगीकडे झुकणारी.) थंड पिवळा म्हणून लेमन यलो (पीवाय ३ किंवा पीवाय १५४). उष्ण पिवळा म्हणून गॅम्बोज ह्यू किंवा डीप यलो. मातीचा पिवळा यलो ऑकर (पीवाय ४२ किंवा ४३). थंड लाल म्हणून परमनंट रोझ किंवा मॅजेन्टा (पीव्ही १९ किंवा पीआर १२२). उष्ण लाल म्हणून स्कार्लेट किंवा व्हर्मिलियन ह्यू. दोन निळे, एक अल्ट्रामरीन (पीबी २९) आणि एक थॅलो ब्लू (पीबी १५). थॅलो मिळाला नाही तर प्रशियन ब्लू (पीबी २७) चालतो. आठवा बर्न्ट सिएना (पीआर १०१ किंवा पीबीआर ७). सहाच घ्यायचे असतील तर उष्ण पिवळा आणि उष्ण लाल नंतर घ्या. काळा आणि पांढरा घेऊच नका. काळ्याने सावल्या मेल्यासारख्या दिसतात, आणि पांढरा पुन्हा पोस्टर कलरकडे घेऊन जातो.

आर्टिस्ट दर्जाचे सुटे ट्यूब परवडतात, कारण त्यांच्या किमती द्रव्याप्रमाणे गटागटांनी लावलेल्या असतात. कोबाल्ट आणि कॅडमियम वरच्या, महाग गटात. यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन बहुतेक कंपन्यांत सर्वांत खालच्या गटात, कारण पहिले दोन म्हणजे लोहाच्या गंजाची माती आणि अल्ट्रामरीन दीडशेहून अधिक वर्षं कारखान्यात बनतो. पांढऱ्या कपड्यांना देत असत ती निळीची पूडही हीच. म्हणजे तुम्हाला सगळ्यात जास्त लागणारे तीन रंग उत्तम दर्जात सगळ्यात स्वस्त मिळतात. पेटी घेतली तर हा फायदा हातून जातो.

सरमिसळही करता येते. माती, तपकिरी आणि अल्ट्रामरीन आर्टिस्ट दर्जाचे घ्या, पिवळा विद्यार्थी दर्जाचा चालेल. लालात मात्र तडजोड करू नका. विद्यार्थी पेटीतला क्रिम्सन हा बहुतेकदा सर्वांत आधी उडणारा रंग असतो. जुना अलिझरिन क्रिम्सन (पीआर ८३) तर आर्टिस्ट दर्जाचा असला तरी पातळ वॉशमध्ये, म्हणजे भरपूर पाण्याने पसरलेल्या थरात, उन्हाने फिका पडतो. तो शेडकार्डवर दिसला तर टाळा. भडक, चमकणारे ‘ऑपेरा’ गुलाबीही नकोत, त्यांतली फ्लुरोसंट चमक काही महिन्यांत जाते.

या आठांत तुमचा सगळा परिसर येतो का, ही शंका रास्त आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. लावणीनंतरच्या भातरोपांचा कोवळा हिरवा म्हणजे लेमन यलो आणि त्यात थॅलो निळ्याचा अगदी कण. थॅलो फार जहाल असतो. आधी पिवळ्याचं डबकं करा आणि मग ब्रशाच्या टोकाने निळा घाला. उलट केलंत तर अर्धा ट्यूब पिवळा ओतूनही तो हिरवा उजळायचा नाही. आंब्याच्या जुन्या पानांचा काळपट हिरवा अल्ट्रामरीन, उष्ण पिवळा आणि थोडा बर्न्ट सिएना यांतून येतो. नव्या पालवीचा तांबूस रंग यलो ऑकरमध्ये रोझ घालून. माडाच्या झावळ्यांच्या सावलीतल्या बाजूला थॅलो आणि बर्न्ट सिएना, हे मिश्रण फार खोल हिरवं होतं आणि काळ्याची गरज राहत नाही. चिऱ्याची भिंत म्हणजे जांभा दगड, तो बर्न्ट सिएना आणि रोझचा. भिजलेली, शेवाळलेली बाजू दाखवायला त्यातच ओलं असताना अल्ट्रामरीन सोडा. पावसाळी आभाळ म्हणजे अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, एवढंच. निळा जास्त घातला तर पाऊस येऊ घातल्याचा थंड करडा, सिएना जास्त घातला तर ढगाच्या कडेचा उबदार करडा. अल्ट्रामरीनचे कण जरा जाड असल्याने ते कागदाच्या खळग्यांत बसतात आणि आभाळाला आपसूक पोत येतो. जांभळा हवा असेल तर रोझ आणि अल्ट्रामरीन घ्या. स्कार्लेट आणि अल्ट्रामरीन मिसळलेत तर जांभळ्याऐवजी तपकिरीच मिळेल, कारण स्कार्लेटमध्ये आधीच पिवळ्याची झाक असते. पुष्कळांचा जांभळा इथेच बिघडतो आणि दोष रंगाच्या दर्जाला दिला जातो.

आता तुम्हाला सुचवलेल्या पेट्यांबद्दल. दुकानदाराने दाखवलेली विद्यार्थी पेटी फसवणूक नाही. कॅम्लिन कंपनीचे ‘कॅमल’ नावाचे विद्यार्थी ट्यूब शाळेच्या निसर्गचित्राला आणि वस्तुचित्राला वर्षानुवर्षं चालत आले आहेत. कॅम्लिनची सुरुवात १९३१ साली मुंबईत झाली, तेव्हापासून महाराष्ट्रात तीन पिढ्यांनी रंग म्हटलं की हीच नावं घेतली आहेत. पण तिच्याच आर्टिस्ट मालिकेत सुटे ट्यूब मिळतात आणि तुमच्या कामाला ते जास्त योग्य आहेत. फक्त ट्यूबवर ‘स्टुडन्ट’ लिहिलंय की ‘आर्टिस्ट’ ते वाचून घ्या, रंगाचं नाव एकच असलं तरी माल वेगळा असतो. मुलगी म्हणते तशी विन्सर अँड न्यूटनच्या कॉटमन मालिकेची बारा अर्ध्या वड्यांची पेटीही चांगली आहे. ती त्या कंपनीची विद्यार्थी मालिका, संकेतांक दिलेले असतात, डबीच्या झाकणात मिश्रण करता येतं आणि बाहेर बसून चित्र काढायला ती सोयीची. पण एकट्या पेटीत तुमच्या पैशांचा मोठा वाटा जाईल, त्यात एक पांढरा तसाच पडून राहील आणि अर्ध्या वडीवर मोठा ब्रश नीट फिरत नाही. मुलीने भेट दिली तर आनंदाने घ्या. स्वतःच्या दोन हजारांतून नको.

सुटे आर्टिस्ट ट्यूब लहान गावातली दुकानं सहसा ठेवत नाहीत, कारण त्यांचा खप परीक्षेच्या पेट्यांवर चालतो. कोल्हापुरात चित्रकलेची महाविद्यालयं आहेत, म्हणून तिथे असं सामान मिळतं. घाट चढून जाणं होईल तेव्हा यादी बरोबर ठेवा. टपालाने मागवलेत तर ट्यूब आल्या आल्या हलक्या हाताने दाबून पाहा. आत खडा लागला तर परत करा. झाकण उघडल्यावर आधी पारदर्शक पाणी आलं तर रंग खराब नाही, डिंक आणि द्रव्य वेगळे झालेले असतात. टूथपिकने तोंडातून आत हलवून घ्या. झाकण अडकलं तर पकडीने पिळू नका, मऊ ट्यूब मानेशी फाटते. ट्यूबची मान मिनिटभर गरम पाण्यात धरली की वाळलेला डिंक सुटतो.

पाच मिलिलिटरचा ट्यूब दिसतो तेवढा लहान नाही. एका वेळी तुरीच्या दाण्याएवढाच रंग काढा. आणि जलरंग वाळला म्हणून धुऊन टाकू नका. पाण्याने तो पुन्हा जागा होतो, अॅक्रिलिकसारखा मरत नाही. कामाला बसण्याआधी पाच मिनिटं प्रत्येक रंगावर पाण्याचा एकेक थेंब सोडा, म्हणजे ब्रश घासावा लागत नाही. पॅलेट म्हणून पांढरी चिनीमातीची बशी कुठल्याही विकतच्या प्लास्टिक पॅलेटपेक्षा बरी. नव्या प्लास्टिकवर पाणी मण्यांसारखं गोळा होतं आणि रंग किती गडद झाला ते कळत नाही. प्लास्टिकच घ्यायचं असेल तर आधी टूथपेस्टने घासून चकाकी घालवा.

आता कागद. खरं सांगायचं तर तुमच्या मातकट चित्रांत पोस्टर कलरइतकाच दोष बहुधा ड्रॉइंग बुकाचा आहे. साध्या कार्ट्रिज कागदावर पाणी पडलं की तो फुगतो, लाटा उठतात, रंग लाटांच्या खोलगट भागात जमतो. दुसरा हात फिरवला की तंतू सुटून वर येतात. जगातला सर्वांत महाग रंगही त्यावर मेलेला दिसेल. याउलट चांगल्या कागदावर विद्यार्थी दर्जाचा रंगसुद्धा उजळतो. म्हणून कागदाच्या पैशांना हात लावू नका म्हटलं.

३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम) वजनाचा, कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरखरीत पोताचा कागद घ्या. शक्य असेल तर शंभर टक्के सुती, नाहीतर निदान सुती अंश असलेला. सुती कागद पाणी जास्त वेळ धरून ठेवतो, त्यामुळे आभाळ करताना रंग पसरायला अवधी मिळतो आणि चुकलेला रंग ओल्या ब्रशाने उचलता येतो. लाकडाच्या लगद्याच्या कागदावर वॉश पटकन आवळतो आणि मध्येच कडा उमटतात. पॅडपेक्षा मोठा ताव घेणं स्वस्त पडतं. २२ × ३० इंचांच्या तावाचे साडेसात × अकरा इंचांचे आठ तुकडे होतात, सुरुवातीला एवढा आकार पुरेसा. सरावासाठी तेच तुकडे अर्धे करा आणि दोन्ही बाजू वापरा. कात्रीपेक्षा घडी घालून, पट्टी धरून फाडलेत तर कडा छान येते.

भारतीय हातकागदही विचारात घ्या. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून हे काम करते आहे आणि देशात इतरत्रही जलरंगासाठी चांगला सुती हातकागद तयार होतो, आयात कागदापेक्षा तो बराच स्वस्त. मात्र हातकागद म्हटलं की तो जलरंगाचा असेलच असं नाही. निमंत्रणपत्रिका, डायऱ्या यांसाठीच्या, पाकळ्या घातलेल्या देखण्या कागदांना सायझिंग म्हणजे खळ कमी असते, आणि रंग टिपकागदासारखा आत शोषला जातो. ओळखायचं कसं? कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा. तो काही मिनिटं वर उभा राहिला तर कागद चालेल. लगेच पसरून पाठीमागे ओल दिसली तर नको. दुकानदाराला विचारूनच हे करा, बहुतेक जण तुकडा देतात.

३०० जीएसएमचा कागदही पाणी भरपूर झालं तर थोडा वाकतो. चारी बाजूंनी मास्किंग टेपने फळीला चिकटवा आणि पूर्ण वाळेपर्यंत काढू नका. टेप काढताना कागदापासून दूर, बाहेरच्या दिशेने ओढा.

ब्रश दोनच पुरेत. ८ नंबरचा गोल, सिंथेटिक, आणि पाऊण किंवा एक इंचाचा चपटा. गोल ब्रश पाण्यात बुडवून मनगटाने झटका. टोक आपसूक सुईसारखं झालं तर घ्या, दोन फाटे पडले तर ठेवा. आकड्यांचा आकार कंपनीगणिक बदलतो, म्हणून आकड्यापेक्षा पोट आणि टोक पाहा. पाण्याच्या भांड्यात केसांवर उभा ठेवू नका.

रंग हातात आले की चित्राला हात घालण्याआधी एक संध्याकाळ चाचणीला द्या. चांगल्या कागदाच्या पट्टीवर पाण्याने न विरघळणाऱ्या काळ्या मार्करने आडवी रेघ मारा आणि वाळू द्या. तिच्यावरून प्रत्येक रंगाचा पट्टा ओढा, वर घट्ट, खाली खाली पाणी वाढवत. वाळल्यावर रेघेवर पांढुरकी साय दिसली तर रंग अपारदर्शक. काही दिसलं नाही तर पारदर्शक. मातीचे रंग थोडी साय सोडतातच, ते चालतं. लेमन यलोही काही कंपन्यांचा किंचित सोडतो. पट्ट्याचा तळाचा, अगदी पातळ भाग स्वच्छ राहिला तर द्रव्य भरपूर आहे. तिथे तो करडा, पिठाळ झाला तर भर जास्त आहे. मग ओल्या ब्रशाने प्रत्येक पट्ट्यावर एकदा घासा आणि टिपा. अल्ट्रामरीन बराच निघतो, थॅलो डाग ठेवतो. कुठला रंग नंतर उचलता येईल आणि कुठला नाही, हे इथेच कळतं. ओल्या रंगापेक्षा वाळलेला फिकाच असणार, म्हणून ओला असताना जरा जास्तच गडद वाटला तर घाबरू नका.

उन्हाची चाचणी सावकाश होते, पण ती करा. सगळ्या रंगांचे पातळ पट्टे असलेली पट्टी अर्धी अॅल्युमिनियम फॉइलने झाका आणि ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला लावा. दिवाळीनंतर लावलेली पट्टी होळीला काढून पाहा. झाकलेला आणि उघडा भाग सारखा दिसला तर तो रंग बिनधास्त वापरा. ज्याची उघडी बाजू फिकी पडली तो फक्त सरावाला ठेवा, भिंतीवर लावायच्या चित्रात घालू नका.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आणि तुमच्या भागात तो फार खरा आहे. डिंक, मध, ग्लिसरीन ही बुरशीची मेजवानीच, वर कोकणातली हवा. म्हणूनही तुम्हाला ट्यूब सुचवले. बंद ट्यूबमध्ये हवा जात नाही, उघड्या वडीवर मात्र जुलैत आठवड्याभरात पांढरी लव दिसू शकते. जून ते सप्टेंबर लागेल तेवढाच रंग काढा. बशीवर उरलेला रंग पंख्याखाली पूर्ण वाळल्याशिवाय झाकू नका. ओली पेटी झाकण लावून ठेवणं, बुरशीचं मुख्य कारण हेच. मध घातलेले रंग तुमच्या हवेत पावसाळाभर चिकटच राहतात, ते टाळलेले बरे. वाळून तडकलेल्या रंगात ग्लिसरीनचा थेंब घालण्याचा सल्ला सगळीकडे मिळेल. तो उन्हाळ्यात पाळा, पावसाळ्यात नाही.

बुरशी आलीच तर वरचा थर ओल्या कापडाने पुसून काढा, सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस फिरवा आणि उघडं वाळू द्या. त्यानंतरही कुबट वास राहिला तर तो रंग टाकून द्या, कागदावर त्याचे डाग पुढे वाढतात. पाणी रोज बदला आणि ब्रशाला तोंडाने टोक काढण्याची सवय लावून घेऊ नका.

कागदाला बुरशीपेक्षाही एक छुपा धोका असतो. ओल धरून धरून त्याची खळ जागोजागी मरते. दिसायला कागद कोरा, पण आभाळाचा वॉश टाकला की मध्येच गडद ठिपके उमटतात, कारण तिथे रंग आत शोषला जातो. असा ताव सुधारत नाही, त्याचा सराव कागद करा. म्हणून मे अखेर पावसाळ्यापुरतेच दोन-तीन ताव घ्या, तुकडे करून प्लास्टिकच्या पिशवीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर गुंडाळा आणि रबराच्या कडेच्या हवाबंद डब्यात, जमिनीपासून आणि चिऱ्याच्या भिंतीपासून दूर ठेवा. पुड्या महिन्याने बदला. त्या हवेत चित्रही सावकाश वाळतं. वरून कोरडं वाटलं तरी हाताची मागची बाजू कागदाला लावून बघा, गार लागलं तर आत ओल आहे. अशा अर्धवट ओल्या थरावर जास्त पाण्याचा ब्रश टेकवला की पाणी रंगाला ढकलतं आणि फुलकोबीसारखे डाग उठतात. जुलै-ऑगस्टमध्ये दोन थरांत अर्धा तास जाऊ द्या, किंवा हेअर ड्रायर हातभर अंतरावरून फिरवा.